चॅसिस क्रमांकाने वाचवलेली मस्टँग

२०१७ सालचा आरंभ. मेक्सिकोतील बाजा कॅलिफोर्निया प्रदेशात, भंगाराच्या आवारात पडलेली एक जुनी फोर्ड मस्टँग विकत घेतली गेली. इंजिन नाहीसे झालेले, पत्रा गंजलेला, अंगावर पांढरा रंग. घेणाऱ्याचा बेत साधा होता: 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स' या चित्रपटातील 'एलिनॉर' गाडीची हुबेहूब नक्कल घडवायची. काम पुढे जाण्यापूर्वी चॅसिस क्रमांक तपासला गेला आणि हत्यारे खाली ठेवली गेली.

ती १९६८ च्या 'बुलिट' चित्रपटातील मस्टँग होती.

त्या चित्रीकरणासाठी लागोपाठ क्रमांकांच्या दोन मस्टँग जीटी घेतल्या होत्या. ३९० घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन, ३२५ अश्वशक्ती. (काटेकोर अभ्यासक मस्टँगला 'मसल कार' न म्हणता 'पोनी कार' म्हणतात, पण एवढे मोठे इंजिन बसल्यावर तो वाद फारसा उरत नाही.) तरीही सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारांवरून उडी घेऊन चार चाकांवर आदळणे हे कारखान्यातून आलेल्या गाडीला झेपणारे नव्हते. रेसिंगमधला जाणता कारागीर मॅक्स बाल्चॉस्की याने स्प्रिंग कडक केल्या, शॉक ॲब्झॉर्बर बदलले आणि ते बसतात त्या जागी जादा पोलाद जोडले. नावाची चिन्हेही काढून टाकली गेली.

सुमारे ११ मिनिटांच्या त्या पाठलागात उड्या मारणारी गाडी मोडकळीस आली आणि भंगारात निघाली. दुसरीचे नशीब निराळे. १९७४ मध्ये न्यू जर्सीतील एका कुटुंबाने ती ६,००० डॉलरला घेतली आणि रोजच्या ये-जा करण्याला वापरली. १९७७ मध्ये खुद्द स्टीव्ह मॅक्वीनने पत्र लिहून ती परत मागितली. कुटुंबाने दिली नाही.

जुनी गाडी दुरुस्त करणे म्हणजे तिला कारखान्यातून निघाली तशी करणे, असा सर्वसाधारण समज आहे. या दोन गाड्यांना तो लावला तर इतिहासच पुसला जाईल. कारखान्यातून तशा हजारो मस्टँग निघाल्या. या दोघींचे वेगळेपण बाल्चॉस्कीच्या जोडकामात आणि चित्रीकरणाच्या जखमांत आहे. मेक्सिकोतल्या गाडीची ओळख पटण्यासही चॅसिस क्रमांकाच्या जोडीला तेच जादा पोलाद उपयोगी पडले. तिच्यापुढचा पेच मात्र अवघड: गंजलेला पत्रा ठेवला तर गाडी टिकत नाही, आणि जितका नवा पत्रा येईल तितकी १९६८ ची गाडी कमी उरते.

न्यू जर्सीच्या गाडीला हा पेच पडला नाही. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील किसिमी येथे ती लिलावात उभी राहिली, ती विटलेल्या हिरव्या रंगासह आणि गंजाच्या डागांसह. शुल्क धरून ३७ लाख ४० हजार डॉलर मिळाले. कॅमेरा बांधण्यासाठी तळाला वेल्डिंगने जोडलेल्या आधारांचे अवशेष तेव्हाही तिच्याखाली तसेच होते.