पांढरीत कोण राहतं?

पांढरा रंग शांततेचा, पांढरा रंग शुद्धतेचा. शाळेत आपण सगळ्यांनी हेच घोकलं. पण मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द शेकडो वर्षं कसा फिरला हे शोधायला गेलो, तर शुद्धता बाजूलाच राहिली. माझ्या हाती लागली राख, शेतसारा आणि पुसलेलं कुंकू.

सुरुवात मातीपासून करू. देशावर गावाच्या जमिनीचे दोन भाग मानायचे: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त ही जोडी भेटते. जुन्या कागदांत तर पांढरी म्हणजे नुसती जागा नाही, तिथे राहणारा गावकऱ्यांचा समुदायही. निवाड्याला पांढरी जमायची.

काळी काळी का, हे सोपं आहे: बेसॉल्ट खडक झिजून झालेली ती माती. पण पांढरी पांढरी का? कारण ती माणसांनी केली. मातीचं घर पडतं, त्याच जागी नवं उभं राहतं. चुलीची राख, शेण, चुना, हाडं, खापरं, विरघळलेल्या भिंती यांचे थरावर थर चढतात आणि जमीन फिकट, भुरकट होत जाते. म्हणून तर आपल्याकडचे पुरातत्त्वज्ञ गावाबाहेर पांढरीचं टेकाड दिसलं की थांबतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८पासून अनेक वर्षं खोदकाम केलं. तिथे साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची शंभराहून अधिक घरं सापडली. काही घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं होती. म्हणजे आपल्या भाषेत ‘पांढरी’ हा कोऱ्या कागदाचा रंग नाही. पिढ्यान् पिढ्या माणसं राहून गेली, याचा तो पुरावा आहे.

मात्र या पांढरीला गावकूस होतं, आणि महारवाडा, मांगवाडा त्या कुसाबाहेर. गावाची शीव दाखवायला, निरोप न्यायला, राखण करायला महार हवा. राहायला मात्र बाहेर. गावाला नाव देणारा हा शब्द सगळ्यांना सारखा आत घेत नव्हता.

दुसरा शब्द ‘पांढरपेशा’. अनेकांना वाटतं हे इंग्रजी ‘व्हाइट कॉलर’चं भाषांतर. तसं नाही. इंग्रजीत तो शब्द विसाव्या शतकात रुळला. आपला त्याआधीच मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात बसलेला आहे. फारसी ‘पेशा’ म्हणजे धंदा. पांढरपेशे म्हणजे ब्राह्मण, प्रभू वगैरे, नांगर हाती न धरणाऱ्या जाती. आणि हा नुसता मान नव्हता, त्यात रोकडा फायदाही होता. कोकणात पांढरपेशा खातेदाराला कुणब्यापेक्षा कमी दराने सारा लागायचा. कारण काय, तर तो स्वतः राबत नाही, त्याला मजूर लावावे लागतात, म्हणून त्याचा खर्च जास्त! जो राबतो त्याने जास्त भरायचं, हा हिशेब या एका शब्दात मुरलेला होता. आज आपण ‘पांढरपेशी नोकरी’ सहज म्हणून जातो. त्यामागची सवलत कुणाला आठवत नाही.

तिसरं ठिकाण बाईचं शरीर. ‘कपाळ पांढरं झालं’ म्हणजे नवरा गेला. ‘पांढऱ्या पायाची’ म्हणजे जिच्या येण्याने घराचं वाईट झालं अशी सून. हिंदी सिनेमे पाहून आपल्याला वाटतं, विधवेचा पांढरा रंग साडीचा. पण महाराष्ट्रात केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेला नेसावं लागायचं ते आलवण, आणि ते लाल असायचं. आपल्या भाषेतलं वैधव्य कपड्याने नाही, कपाळावरून काय पुसलं त्याने पांढरं झालं. पुरुषाच्या धंद्याला लागलेला पांढरा म्हणजे सवलत. बाईच्या कपाळाला लागलेला पांढरा म्हणजे शिक्षा. रंग एकच.

रंगाचा यात काही दोष नाही. कुणाचा पांढरा मानाचा आणि कुणाचा अपशकुनी हे माणसांनी ठरवलं, जशी पांढरीची माती माणसांनीच पांढरी केली. माणसांनी ठरवलेलं माणसं बदलूही शकतात. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२मध्ये त्या गावाने ठराव केला: नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

ठरावाने एका रात्रीत घरं बदलत नाहीत, हे मलाही कळतं. आजही हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं नाही, हे न सांगता ठरतं. तरी मला हेरवाडची गोष्ट मोठी वाटते. जुन्या अर्थाने पाहिलं तर तिथे पांढरीच निवाड्याला बसली होती, आणि पांढऱ्या कपाळाचा नियम तिने स्वतःच मोडीत काढला. आता प्रश्न बाकीच्या गावांचा आहे. आणि शहरात फ्लॅट घेऊन राहणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्या पांढरपेशांचाही.