कोटणीस, बेथ्यून आणि भाचीचं टायटर

पोस्ट जरा लांब झालीय, पण घरात कुणी डॉक्टर-नर्स असेल तर वाचाच.

माझी भाची नर्स आहे. पुढच्या महिन्यात एका वैद्यकीय पथकाबरोबर आफ्रिकेत सेवेला चाललीय. परवा फॉर्म भरताना अडली. हिपॅटायटिस बीचे तीन डोस झाल्याचं कार्ड तिच्याकडे आहे, पण पथकाला रक्ततपासणीचा आकडा हवाय. ती तपासणी कॉलेजात कुणी केलीच नव्हती. "मामा, लस घेतली म्हणजे झालं ना?"

आम्ही सोलापूरकर. परदेशी सेवेला जाणारा डॉक्टर म्हटलं की आम्हाला द्वारकानाथ कोटणीसच आठवतात. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यातले ते एक. बोट कापून वारलेले डॉक्टर म्हणजे कोटणीस, असं पुष्कळांना वाटतं. ते नॉर्मन बेथ्यून, कॅनडाचे शल्यचिकित्सक. १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना त्यांचं बोट कापलं, जखम चिघळली, रक्तात विष पसरलं आणि १२ नोव्हेंबरला ते गेले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस पुढे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराने त्यांचा अंत झाला. वय अवघं ३२.

बेथ्यूनच्या जखमेने काही दिवसांतच निकाल लावला. हिपॅटायटिस बीचा विषाणू तसा नाही. सुई टोचली तर दोन-चार महिने काहीच कळत नाही, तोवर माणूस घरी परतलेला असतो.

याचा सर्वात मोठा धडा त्याच १९४२ सालचा. परदेशी आघाडीवर निघालेल्या अमेरिकन सैनिकांना पीतज्वराची लस टोचली होती. ती टिकावी म्हणून तिच्यात माणसाच्या रक्तातला द्रव मिसळत. काही दात्यांच्या रक्तात हा विषाणू होता. सुमारे ५० हजार सैनिक काविळीने रुग्णालयात! म्हणजे संरक्षणासाठी दिलेल्या लसीतूनच रोग गेला. तो हिपॅटायटिस बीच होता, हे सिद्ध व्हायला १९८० चं दशक उजाडलं.

विषाणूचा माग बारूक ब्लूमबर्ग यांना १९६० च्या दशकात लागला, १९७६ चं नोबेल त्यासाठीच. पहिली लस १९८१ ची, आणि गंमत बघा, तीही बाधित माणसांच्या रक्तातूनच शुद्ध केलेली. तिची धास्ती खुद्द रुग्णालयांतल्या लोकांनाही होती. १९८६ मध्ये यीस्टपासून बनवलेली आली, ती भीती गेली. आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये स्वस्तात आणली, तेव्हा कुठे ती सामान्यांच्या आवाक्यात आली.

आता भाचीचा प्रश्न. तीन डोसांनंतरही शंभरातल्या पाच-दहा प्रौढांच्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडं तयार होत नाहीत. म्हणून शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर बघायचं असतं, ते किमान १० हवं. तिचे डोस होऊन तीन वर्षं झालीत, तेव्हा आकडा खाली आला तरी संरक्षण गेलंच असं नाही. एक डोस देऊन महिन्याने पुन्हा तपासतात. ज्यांनी लस घेतलेलीच नाही त्यांचा नेहमीचा क्रम सहा महिन्यांचा. घाई असेल तर ०, ७ आणि २१ व्या दिवशी देतात, मग वर्षाने चौथा.

काल तिचं रक्त दिलं. रिपोर्ट शुक्रवारी. तिकीट मात्र अजून काढलेलं नाही.