कुमानोवोचा पुंड राजा

अंतरवाली सराटीहून शहागडास उतरले की गोदावरीचे पात्र लागते. त्या नदीच्या उत्तरतीरी पसरलेल्या अंबड परगण्याचा वसूल एके काळी औरंगाबाद सुभ्याच्या दप्तरी जमा होत असे, आणि त्या दप्तरातील 'रयत' हा शब्द आमच्या कुणब्याच्या तोंडी असा रुळला की तो परक्या भाषेतून आला अशी कोणास शंकाही येत नाही. हाच शब्द किंचित वाकून, 'राया' या रूपाने, युरोपच्या आग्नेय कोपऱ्यात उस्मानी सुलतानाच्या अमलातही नांदत होता, आणि तेथे तो हळूहळू ख्रिस्ती शेतकऱ्याचाच वाचक होऊन बसला. जिझियाही दोहोंकडे होता: औरंगजेबाने १६७९ साली तो पुन्हा बसविला, आणि सुलतानाने १६९१ साली घरावरची आकारणी मोडून ती डोईवर, ऐपतीच्या तीन प्रती लावून, नेली.

या 'राया'तून जो डोंगरात शिरला तो 'हैदुक'. तुर्की ठाण्यांवर आणि तांड्यांवर धाड घालणाऱ्या या पुंडांचा रिवाज मोठा गमतीचा होता. आमच्याकडे दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की स्वाऱ्या निघत. त्यांच्याकडे वसंतात संत जॉर्जच्या सणास टोळी जमे, रानाला पाने असेतो लपण्यास आडोसा असे, आणि शरदात संत दिमित्रीच्या सणास पांगून जो तो कोणा विश्वासू यजमानाच्या घरी हिवाळा काढी. सरकारही काही ख्रिस्ती माणसांस 'मार्तोलोस' म्हणून घाटवाटांच्या राखणीस ठेवी. रामोशी नाइकांस रखवालीचा हक्क देऊन चोरीचा बंदोबस्त करणाऱ्या आमच्या पाटील-देशमुखांस यात काही नवल वाटले नसते.

व्हिएन्नाचा वेढा १६८३ साली फसल्यापासून सुलतानाची पीछेहाट चालू होती. १६८८ साली बेलग्रेड गेले, आणि पुढल्या वर्षी ऑस्ट्रियाचा सेनापती पिकोलोमिनी स्कोपये शहरापर्यंत येऊन ठेपला. तेव्हा कारपोश नावाच्या हैदुकाने, ज्या ऑक्टोबरात टोळ्या पांगावयाच्या त्याच ऑक्टोबरात, उठावणी केली. रिवाज मोडण्याइतकी घाई त्यास का झाली, हे त्या फौजेच्या वार्तेवरून उमजते. त्या मुलखातली क्रिवा पालांका आणि कुमानोवो ही गावे त्याने घेतली, आणि ऑस्ट्रियाचा बादशहा लिओपोल्ड याने त्यास 'कुमानोवोचा राजा' म्हणून मान्यता दिली असे परंपरा सांगते. परंतु पिकोलोमिनीने, प्लेगची साथ असलेले आणि आपल्या हाती टिकणार नाही असे दिसणारे स्कोपये २६ ऑक्टोबरास जाळले, माघार घेतली, आणि नोव्हेंबरात तो स्वतः प्लेगनेच मेला. परक्या फौजेच्या भरवशावर बंड उभारणाऱ्याची ही गत नवी नव्हे. तथापि त्या खेड्यांतील 'राया'स दुसरा कोणाचा भरवसा होता, हेही विचारले पाहिजे.

तोच नोव्हेंबर आमच्या इतिहासात रायगडच्या पाडावाचा आहे. फाल्गुन अमावास्येस संभाजीराजांचा वध होऊन आठ महिने लोटले होते, राजाराम जिंजीस पोहोचले होते, आणि संताजी-धनाजी मोगली तवारिखांत लुटारूच होते. मराठ्यांस मात्र पाठीशी जिंजी होती आणि कोणी पिकोलोमिनी नव्हता. कारपोशपाशी जिंजी नव्हती, आणि ज्याचा भरवसा धरला तो पिकोलोमिनीही निघून गेला होता. सुलतानाच्या बाजूने क्रिमियाच्या खानाचे तातार स्वार कुमानोवोवर आले, कारपोशची माणसे मोडली, आणि त्यास धरून स्कोपयेत वर्दार नदीवरील दगडी पुलापाशी ठार मारण्यात आले.

आज त्या शहराच्या एका विभागास कारपोशचे नाव आहे. आणि पंधराव्या शतकात सुलतान मेहमदाच्या अमलात बांधलेल्या त्या पुलावरून लोक अजून पायी जातात-येतात.