तीन नगरें, एक दप्तर

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं एकाच लोहमार्गावरचीं शेजारी शहरें. कारभार मात्र तीन ठिकाणीं. अंबरनाथ व बदलापूर १९८३ सालीं कल्याण महापालिकेंत गेलीं आणि १९९२ सालीं पुन्हां वेगळीं झालीं. उल्हासनगरास १९९६ सालीं स्वतःची महापालिका लाभली. सीमा अशा हलल्या. पण १९८५ सालीं अंबरनाथेस जन्मलेल्यानें आपला दाखला कोणत्या दारीं मागावा? कल्याण-डोंबिवलीनें २००२ सालीं नागरी सेवा संगणकावर आणल्या. पुढें राज्यानें तीच पद्धति इतर नगरांसाठीं स्वीकारली. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें मुदतींत सेवा मिळणें हा हक्क ठरला. तेव्हां तीन निराळीं संकेतस्थळें पोसण्यापेक्षां यंत्रणा एक असावी, उत्तरदायित्व मात्र ज्याचें त्याचें. नागरिकाला सीमेचा इतिहास पाठ नसतो. तो दप्तरानें जाणावा.