न आलेल्या रुग्णाची नोंद

प्रशासनात आलेल्या माणसाची नोंद ठेवणे सोपे असते, न आलेल्याची ठेवणे कठीण. दवाखान्याची बाह्यरुग्ण नोंदवही आज किती जण आले ते सांगते. येणे अपेक्षित असूनही कोण आले नाही, हे तिला ठाऊक नसते. भारतातील क्षयरोग नियंत्रणाचा इतिहास बऱ्याच अंशी या दुसऱ्या नोंदीचा इतिहास आहे.

सॅनेटोरियमच्या काळात रुग्ण खाटेवरच असे, त्यामुळे त्याला शोधण्याचा प्रश्न क्वचितच उद्भवे. १९५६ साली मद्रास येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. तेथील अभ्यासाचे निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभर घरी राहून औषधे घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधील रुग्णांइतकेच बरे होतात, असे त्यांतून दिसले. खाटा मूठभर आणि रुग्ण लाखोंनी असलेल्या देशाला हा मोठाच दिलासा होता. मात्र त्याबरोबर एक नवी जबाबदारी आली. खोकला थांबला की रुग्ण औषध सोडतो. अर्धवट उपचाराने रोग उलटतो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मद्रासचे कार्यकर्ते म्हणूनच पूर्वसूचना न देता घरी जात, गोळ्या मोजत आणि लघवीची तपासणी करीत.

१९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. जिल्हा हा त्याचा घटक होता. उपचारपत्रिका पुढील भेटीच्या तारखेप्रमाणे लावून ठेवायच्या, तारीख उलटूनही पत्रिका जागची हलली नाही तर रुग्णाला पत्र पाठवायचे किंवा त्याच्या घरी जायचे, अशी ही पद्धत होती. संगणकाच्या कितीतरी आधीची ही रुग्ण-स्मरण यंत्रणाच होय. कल्पना निर्दोष होती. पण उपचार दीर्घ आणि माणसे अपुरी. १९९२ च्या आढाव्यात उपचार पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहूनही कमी आढळले. १९९७ पासून विस्तारलेल्या आणि २००६ मध्ये देशभर पोहोचलेल्या सुधारित कार्यक्रमात प्रत्येक रुग्णाच्या नावाने संपूर्ण उपचाराचा औषधडबा राखून ठेवला जाऊ लागला. डब्यात उरलेले औषध आता गैरहजेरीची साक्ष देत असे.

२०१२ साली ‘नि-क्षय’ ही संगणकीय नोंदप्रणाली आली. तिचा खरा लाभ स्थलांतरितांना आहे. बीड जिल्ह्यात उपचार सुरू झालेला ऊसतोड कामगार हंगामात कर्नाटकात गेला, तर पूर्वी त्याची पत्रिका बीडच्या पेटीत राही आणि तो तेथे ‘अनुपस्थित’ ठरे. आता त्याची नोंद एका क्रमांकावर त्याच्यामागे जाऊ शकते. घरापासून दूर राबणाऱ्यांसाठी ही लहान गोष्ट नव्हे.

पुढे ‘९९डॉट्स’ ही पद्धत आली. गोळी काढताच वेष्टनामागे दडलेला क्रमांक दिसे. त्यावर रुग्णाने निःशुल्क फोन करावा आणि ज्यांचा फोन आला नाही त्यांची यादी कर्मचाऱ्याला मिळावी, अशी ती योजना होती. तथापि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले, की गोळी घेऊनही फोन न करणारे रुग्ण होते आणि फोन करूनही गोळी न घेणारेही होते. ही पडताळणी लघवीच्या तपासणीनेच झाली. साठ वर्षांपूर्वी मद्रासमध्ये वापरलेला उपाय पुन्हा कामी आला.

यावरून संगणक व्यर्थ आहे असे ठरत नाही. पेटीतली पत्रिका एकाच खोलीत दिसे. आजची यादी जिल्ह्याला आणि राज्यालाही दिसते. पण रुग्ण का आला नाही, हे यादी सांगत नाही. रोजंदारी बुडते, मळमळ होते, सासरी रोग लपवावा लागतो, ही कारणे उंबरठ्यावर बसूनच कळतात. म्हणून यंत्रणेसाठी खर्च मंजूर करताना उपचार पर्यवेक्षकाचे रिक्त पद, त्याचा प्रवासभत्ता आणि आशा कार्यकर्तीचा थकलेला मोबदला हेही त्याच टिपणीत असावेत. आढावा बैठकीत किती नोंदी भरल्या एवढेच विचारून भागणार नाही. न आलेल्यांपैकी किती जणांच्या घरी कोणी गेले, हा प्रश्नही तेथे विचारला गेला पाहिजे.