पिल्लांचे चिकटलेले गुदद्वार : कारणे, निदान आणि उपचार

कोंबडीच्या नवजात पिल्लाची विष्ठा कधी कधी खाली न पडता शेपटीखालच्या लवीला चिकटून राहते. तिच्यावर पुढची विष्ठा बसते, वाळते आणि गुदद्वारावर टणक गोळा तयार होतो. पिल्लू पंख सोडून, डोळे मिटून कडेला उभे राहते, कुंथते, खाणे सोडते. वेळेवर गोळा निघाला नाही तर ते मरते. हा प्रकार मुख्यतः पहिल्या आठवड्यातला आहे.

गोळा काढणे हा तातडीचा उपचार आहे आणि तो त्याच वेळी केला पाहिजे. मात्र त्यावर थांबणारा पाळणारा दुसऱ्या दिवशी तितकीच पिल्ले पुन्हा धूत बसतो. गोळा हे लक्षण आहे. किती पिल्लांत, कितव्या दिवशी आणि कशानंतर ते दिसले, हे नीट पाहिले तर मूळ कारण बहुतेक वेळा शेडमध्येच सापडते.

आधी शरीररचना. पक्ष्यांना मूत्राशय नसते. आतड्यातील मल आणि मूत्रपिंडांतून आलेले युरिक आम्ल अवस्कर या एकाच पोकळीत येतात व एकाच द्वाराने बाहेर पडतात. विष्ठेवरचा पांढरा थर म्हणजे हे युरिक आम्ल. अवस्करात आलेले मूत्र उलट दिशेने मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात सरकते आणि तेथे त्यातील पाणी पुन्हा शोषले जाते. अति उष्णतेने शरीरात पाण्याची तूट होते तेव्हा विष्ठा घट्ट आणि चिकट होते ती यामुळे. याउलट पिल्लू गारठले की पचन बिघडते, विष्ठा पातळ होते, लव भिजते आणि भिजलेल्या लवीवर सगळे साचते. म्हणून अति उष्णता आणि अति थंडी या दोन विरुद्ध कारणांचा शेवट एकाच गोळ्यात होतो.

गोळा काढताना घाई करू नये. हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात कापूस भिजवून तो गोळ्यावर धरावा किंवा पिल्लाचा फक्त मागचा भाग कोमट पाण्याच्या बारीक धारेखाली धरावा. गोळा पूर्ण मऊ झाला की तो आपोआप सुटू लागतो. वाळलेला गोळा ओढला तर लवीबरोबर नाजूक त्वचाही निघते, रक्त दिसते आणि इतर पिल्ले त्या लाल जागेवर टोचू लागतात. टोचण्याची सवय एकदा लागली की काही तासांत आतडे बाहेर काढण्यापर्यंत मजल जाते, म्हणून जखम झालेले पिल्लू लगेच वेगळे ठेवावे. पोट दाबून विष्ठा काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. धुतल्यावर मऊ कापडाने टिपून, उबेत पूर्ण कोरडे करूनच पिल्लू घोळक्यात सोडावे. ओले पिल्लू गारठते आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा तुंबते. त्या जागी बोटाने किंचित खोबरेल तेल लावले तर पुढची विष्ठा लवीला धरत नाही. एकदा चिकटलेले पिल्लू पुन्हा चिकटण्याचा संभव मोठा असतो, म्हणून पुढचे काही दिवस सकाळ-संध्याकाळ ते उचलून पाहावे.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. गुदद्वार आणि बेंबी या दोन वेगळ्या जागा आहेत. उबवणीच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत, म्हणजे २१ व्या दिवशी पिल्लू बाहेर येण्याआधी, उरलेला बलक पोटात ओढला जातो आणि जेथून तो आत गेला ती जागा बंद होऊन बेंबी बनते. तिच्यावर काळसर खपली किंवा वाळलेला धागा दिसतो. पिल्लू हातात धरल्यावर शेपटीच्या लगेच खाली असते ते गुदद्वार. त्याच्या पुढे, पोटाच्या बाजूला असते ती बेंबी. तिची खपली विष्ठा समजून उपटली तर रक्तस्राव होतो, पोटात जंतू शिरतात, काही वेळा आतील भागच बाहेर येतो. ही खपली चार-पाच दिवसांत आपोआप गळते. नव्या माणसाच्या हाती पिल्लांची स्वच्छता सोपवण्यापूर्वी हा फरक त्याला पिल्लू हातात देऊन दाखवावा.

आता कारणे. माझ्या मते सर्वांत आधी तापमान तपासावे. पहिले दहा-बारा दिवस पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान नीट राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या साधनाखाली, पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ९५ अंश फॅरनहाइट म्हणजे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. पुढे दर आठवड्याला ते ५ अंश फॅरनहाइटने कमी करतात. थर्मामीटर असावाच, पण पिल्लांचे वागणे त्याहून लवकर सांगते. बल्बखाली दाटीने बसून चिवचिवाट करणारी पिल्ले गारठलेली असतात. कडेला पांगून चोच उघडी ठेवून धापणारी पिल्ले तापलेली असतात. पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून पाहावेत. ते गार लागले तर हवा उबदार असूनही खालचे तूस थंड आहे. म्हणूनच पिल्ले येण्याच्या आदल्या दिवसापासून ब्रूडर सुरू ठेवून भाताचे तूस तापवून घेतात.

खेड्यांतल्या लहान शेडमध्ये दर पिल्लामागे १ ते २ वॅट हा बल्बचा जुना हिशेब अजून चालतो. तो तापून पेटणाऱ्या पिवळ्या बल्बचा आहे. त्याच जागी एलईडी दिवा लावला तर उजेड भरपूर पडतो, ऊब जवळजवळ मिळत नाही. पहाटे वीज जाते तेथे शेगडी किंवा गॅस ब्रूडरची सोय हाताशी हवी, धूर आणि वायू बाहेर जायला वाट ठेवून. रात्री वीज गेली आणि दुसऱ्या दिवशी एकदम वीस-पंचवीस पिल्ले चिकटलेली दिसली, तर औषध शोधण्याआधी त्या रात्रीचा विचार करावा.

खुडूक कोंबडीखाली वाढणाऱ्या पिल्लांत हा त्रास कमी दिसतो. तेथे पिल्लू गारठले की आईच्या पंखाखाली शिरते, तापले की बाहेर येते. ब्रूडरनेही इतकी मोकळीक दिली पाहिजे. सगळी जागा सारखीच तापवण्याऐवजी मध्ये ऊब आणि कडेला थोडी गार जागा ठेवली, तर पिल्लू स्वतः निवड करते.

प्रवासाचाही भाग आहे. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस तगते, त्यामुळे ते उबवणी केंद्रातून खाद्याशिवाय पाठवता येते. पण बंद खोक्यात, उन्हाळ्याच्या दुपारी, त्याच्या शरीरातले पाणी झपाट्याने घटते. पोहोचल्यावर आधी पाणी, खाद्य नंतर. पाणी कोमट असावे, त्यात गूळ किंवा ग्लुकोज आणि क्षार घालावेत, आणि काही पिल्लांच्या चोची त्यात बुडवून त्यांना ते दाखवावे. बाकीची पाहून शिकतात. थंडगार पाणी देऊ नये.

खाद्याचे कारण वेगळे ओळखू येते. ऊब आणि पाणी ठीक असून नवे पोते उघडल्यानंतर बहुतेक सगळ्याच पिल्लांची विष्ठा चिकट झाली, तर संशय खाद्यावर घ्यावा. सोयाबीन पेंडीवर पुरेशी उष्णता-प्रक्रिया झाली नसेल तर ट्रिप्सिनला अडवणारे घटक तिच्यात शिल्लक राहतात आणि प्रथिने पचत नाहीत. गहू आणि जव यांतील विद्राव्य तंतू आतड्यातला द्रव चिकट करतात, म्हणून इतक्या लहान पिल्लांना गव्हाचे पीठ घालणे टाळावे. पहिल्या दिवशी कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरण्याची आपल्याकडची पद्धत मला योग्य वाटते. त्याने विष्ठा मोकळी राहते. पण तो एकच दिवस. मक्यात प्रथिने ८-९ टक्के असतात आणि पिल्लाच्या खाद्यात ती २० टक्क्यांच्या वर लागतात.

उरतो संसर्ग. गोळा चुनखडीसारखा पांढरा, पिल्ले विष्ठा टाकताना कळवळून ओरडतात, आणि मरतूक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाढत जाते, असे चित्र असेल तर पुलोरम रोगाचा विचार करावा. लिओ रेटगर यांनी १९०० मध्ये याच्या जंतूचे वर्णन केले. तो साल्मोनेला गटातला असून वाहक कोंबडीच्या अंडाशयातून थेट अंड्यात उतरतो. औषधाने मरतूक थोडी घटते, पण वाचलेले पक्षी वाहक राहू शकतात, म्हणून त्यांना पैदाशीसाठी ठेवू नये. खरा बंदोबस्त पैदाशीच्या कळपाची रक्तचाचणी करून वाहक पक्षी काढून टाकण्यात आहे. बेंबी ओली, सुजलेली, पोट फुगलेले आणि दुर्गंधी येत असेल तर बलकपिशवीचा संसर्ग समजावा. त्याचे मूळ बहुधा घाणेरड्या अंड्यांत किंवा उबवणी यंत्रात असते.

गोळा दिसला की पाण्यात प्रतिजैविक मिसळण्याची सवय मात्र सोडली पाहिजे. गारठ्यावर आणि तहानेवर ते काही करत नाही, जंतू मात्र निर्ढावतात. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरण्यावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली ती याच चिंतेतून. संसर्गाचा संशय असेल तर नुकतीच मेलेली दोन-तीन पिल्ले पिशवीत बांधून, बर्फावर ठेवून पण गोठू न देता, पशुवैद्यकाकडे किंवा पुण्यात औंध येथील पशुरोग अन्वेषण विभागासारख्या प्रयोगशाळेत पोहोचवावीत. पिल्ले हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. साल्मोनेलाचे काही प्रकार माणसालाही होतात, आणि लहान मुलांना तर सहज.