मेंढीच्या मेंदूतली पोकळी

मंडळी, मागच्या वेळी आपण देकार्तपाशी थांबलो होतो. आज जरा मागे जाऊ आणि एका मेंढीच्या मागून पुन्हा पुढे येऊ. हसू नका, विषय खरोखर मेंढीचाच आहे.

दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन हा वैद्य जनावरांचे मेंदू उघडून पाहत असे. माणसाचं प्रेत फाडणं त्या समाजात चालत नव्हतं. मेंदूच्या तळाशी त्याला बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दिसलं. इथे प्राणशक्ती शुद्ध होते आणि मेंदूच्या पोकळ्यांत साठते, असं त्याने मांडलं. पुढे चौथ्या शतकात नेमेसियसने या पोकळ्या वाटूनच टाकल्या: पुढच्या कल्पनेला, मधली विचाराला, मागची स्मृतीला. मन म्हणजे तीन खोल्यांचं घर! आम्हा तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना अशी मांडणी फार आवडते.

पण ते जाळं मेंढीत आहे, बैलात आहे, माणसात नाहीच. 1520 च्या सुमारास बेरेन्गारियोने हे स्पष्ट सांगितलं. वेसालिअसने तर 1543 च्या ग्रंथात स्वतःचीच कबुली दिली, की हे जाळं दाखवण्यासाठी मी माणसाच्या डोक्याशेजारी कोकराचं किंवा बैलाचं डोकं ठेवत असे. तेराशे वर्षं लोकांनी पोथीत वाचलेलं माणसात पाहिलं.

मग पोकळीची किंमतच गेली. आत नुसतं पाणी, भिंत म्हणजे अस्तर. 1836 मध्ये पुर्किन्येला त्या भिंतीवर हलणारे सूक्ष्म केस दिसले, तरी तत्त्वज्ञांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. मीही नाही, निवृत्त होईपर्यंत.

आता मेंढी परत येते. हंगामात ती साधारण 17 दिवसांनी माजावर येते. त्याआधी अंडाशयातलं इस्ट्रोजेन वाढतं, मेंदूतून एका संप्रेरकाचा लोट सुटतो आणि त्यापायी पुढे अंडं बाहेर पडतं. हे संप्रेरक मेंढीच्या तिसऱ्या पोकळीतल्या द्रवातही सापडतं. याच पोकळीच्या तळाशी टॅनिसाइट नावाच्या पेशी आहेत. त्यांचं एक टोक द्रवात, दुसरं लांब शेपटासारखं रक्तवाहिन्यांपर्यंत. म्हणजे भिंत नव्हे, उंबरठा म्हणा.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पृष्ठभागावर बारीक फुगवटे दिसले, आणि जुना प्रश्न उभा राहिला: हा फुगवटा मेंढीचा, की मेंदू टिकवायला वापरलेल्या रसायनाचा? नुसतं चित्र पाहून याचं उत्तर मिळत नाही. अंडाशय काढलेल्या मेंढ्या घ्यायच्या, काहींना इस्ट्रोजेन द्यायचं, काहींना नाही, आणि सगळ्यांचे मेंदू एकाच पद्धतीने टिकवायचे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अंडाशय काढलेल्या मेंढ्यांना असं इस्ट्रोजेन देऊन पाहिलं गेलं. त्यांच्या टॅनिसाइट पेशी जास्त कामाला लागल्याच्या खुणा दिसल्या. प्रत्येक फुगवटा खरा ठरला असं नव्हे, बरं का. पण शेजारी डोकं कुणाचं ठेवलंय, हे या वेळी आधीच सांगितलेलं होतं.